उषा मेहता: रेडिओ सगळ्यांना ठाऊक, वर्ग कुणाला ठाऊक?

धागा सुरू करणार: फळा_खडू
विभाग: इतिहास आणि समाज

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहायला बसले.

मी दक्षिण मुंबईत अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते. बावीस वर्षं झाली. दर ऑगस्टमध्ये मुलं 'भारत छोडो'वर प्रकल्प करून आणतात आणि त्यातल्या निम्म्या फायलींवर उषा मेहतांचा फोटो असतो. खालचा मजकूरही ठरलेला: गुप्त रेडिओ, ४२.३४ मीटर, अटक, तुरुंग. १९४६ ला सुटका झाली की फाईल संपते. बाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या आणि पुढे चोपन्न वर्षं जगल्या, त्याचं कुठे नावच नाही.

यंदा एका मुलीने फाईल देताना विचारलं, "मॅडम, त्या सुटल्यावर काय करायच्या?"
म्हटलं, "मी करते तेच. राज्यशास्त्र शिकवायच्या."
ती क्षणभर माझ्याकडे बघतच राहिली. मग फाईल परत मागून घेतली आणि दोन कोरी पानं जोडून आणली. त्या दोन पानांसाठी हा धागा.

आधी थोडक्यात पूर्वार्ध. जन्म २५ मार्च १९२०, सुरतजवळचं सरस गाव. वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत, न्यायाधीश. १९२८ मध्ये आठ वर्षांची ही मुलगी 'सायमन परत जा' म्हणत मोर्चात होती. एका मिरवणुकीत पोलिसांनी पोरांवर लाठ्या उगारल्या, झेंडा धरलेली मुलगी झेंड्यासकट खाली पडली. मुलं चिडून घरी गेली. मोठ्यांनी काय करावं? मुलांना केशरी, पांढरे, हिरवे कपडे घालून पुन्हा रस्त्यावर पाठवलं. आता झेंडा पाडायचा तर अख्खी मिरवणूक पाडायला हवी! हे मी वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

वडील १९३० मध्ये निवृत्त झाले आणि १९३२ मध्ये कुटुंब मुंबईला आलं. शाळा चंदारामजी, कॉलेज चौपाटीवरचं विल्सन, १९३९ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन पहिल्या वर्गात बी. ए. मग कायद्याचा अभ्यास सुरू झाला, तो १९४२ मध्ये सोडला. ८ ऑगस्टला गवालिया टँकवर ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे नेते उचलले गेले, आणि काही दिवसांत ही बावीस वर्षांची मुलगी बाबूभाई खाकर, विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी यांच्यासोबत गुप्त 'काँग्रेस रेडिओ' उभा करायला लागली. शिकागो रेडिओचे नानक मोटवानी यांनी यंत्रसामग्रीची मदत केली. राममनोहर लोहिया, अच्युतराव पटवर्धन पाठीशी होते. १२ नोव्हेंबरला धाड पडली. विशेष न्यायालयाने उषाबेनना चार वर्षांची शिक्षा दिली. येरवडा, तब्येत ढासळल्यावर जे. जे. रुग्णालय, पुन्हा येरवडा.

आता माझा मुद्दा. चौकशी सहा महिने चालली. सगळं सांगितलंस तर परदेशी शिकायला पाठवतो, असंही आमिष होतं. त्या बोलल्या नाहीत. न्यायालयात त्यांनी न्यायाधीशांना एकच विचारलं: या प्रश्नांची उत्तरं देणं माझ्यावर बंधनकारक आहे का? नाही, असं उत्तर आलं. मग एकाही प्रश्नाचं उत्तर देणार नाही, स्वतःला वाचवण्यासाठीसुद्धा नाही, असं त्यांनी सांगून टाकलं.

मूलभूत हक्कांचा पाठ मी इथूनच सुरू करते. आपल्या राज्यघटनेचं कलम २०(३) म्हणतं की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. घटना लागू झाली १९५० मध्ये. त्याच्या सात वर्षं आधी, परक्या सरकारच्या कोर्टात एक मुलगी आधी कायदा विचारून घेते आणि मग त्याच्या आधाराने गप्प बसते. तिच्या गप्प बसण्यामागे हट्ट होताच, पण अभ्यासही होता. पुढे ही बाई राज्यशास्त्राची प्राध्यापक होणार, हे मला त्या एका प्रश्नात दिसतं.

सुटल्यावर तब्येत इतकी खालावलेली होती की १५ ऑगस्ट १९४७ ला त्या अंथरुणाला खिळून होत्या. सक्रिय राजकारण राहिलं बाजूला. त्या पुन्हा पुस्तकांकडे वळल्या, गांधीजींच्या राजकीय आणि सामाजिक विचारांवर मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. केली, आणि त्याच विद्यापीठात संशोधन साहाय्यक, व्याख्याता, प्राध्यापक अशा पायऱ्या चढत नागरिकशास्त्र आणि राजकारण विभागाच्या प्रमुख झाल्या. १९८० मध्ये निवृत्ती. त्यानंतर गांधीजी मुंबईत जिथे उतरत त्या गामदेवीच्या मणिभवनाचं काम, गांधी स्मारक निधीचं अध्यक्षपद, १९९८ मध्ये पद्मविभूषण.

रेडिओ चालला अडीच महिने. शिकवणं चाललं काही दशकं. आपण लक्षात काय ठेवलं?

कुणाला त्यांच्या प्राध्यापकी काळाबद्दल, विभागाबद्दल, पुस्तकांबद्दल माहिती असेल तर लिहा. मुलीची दोन पानं अजून भरायची आहेत.

---

वाडीतला_वाचक

छान धागा. एक भर घालतो. बऱ्याच ठिकाणी रेडिओची तारीख १४ ऑगस्ट दिलेली असते, तर काही ठिकाणी २७ ऑगस्ट. १४ ला उभारणीचं काम हाती घेतलं आणि पहिलं प्रक्षेपण २७ ऑगस्टला झालं, असा तो हिशेब आहे. २७ ऑगस्ट ते १२ नोव्हेंबर म्हणजे दोन्ही टोकं धरून ७८ दिवस.

आणि जागा! आम्ही गिरगावकर, त्यामुळे याचं कौतुक जास्त. यंत्र एका जागी ठेवलं की पकडलं जाणार, म्हणून सतत हलवत. चौपाटीचं सी व्ह्यू, लॅबर्नम रस्त्यावरचा अजित व्हिला, गिरगावातली पारेखवाडी, शेवटी महालक्ष्मी देवळाजवळचा पॅराडाइज बंगला. लॅबर्नम रस्ता म्हणजे मणिभवनाचाच रस्ता. पोलिसांचं लक्ष असणार अशा गल्लीत जाऊन बोलायचं, याला काय म्हणावं!

---

चाळीस_मीटर

मी हौशी रेडिओवाला आहे, म्हणून तांत्रिक बाजू सांगतो. मुलीच्या पानांत एखादी ओळ बसली तर बघा.

४२.३४ मीटर ही तरंगलांबी. प्रकाशाचा वेग भागिले तरंगलांबी केलं की वारंवारता येते, साधारण ७.०८ मेगाहर्ट्‌झ. हा लघुलहरींचा पट्टा. आम्ही हौशी लोक आजही ज्याला चाळीस मीटरचा बँड म्हणतो, त्याच्यातच हे बसतं. या लहरी आकाशात वर जाऊन आयनांबरावरून परततात, त्यामुळे लहान यंत्राचा आवाजही शेकडो किलोमीटर पोचतो. सूर्य मावळला की पल्ला आणखी वाढतो. त्यांचं प्रक्षेपण सुरुवातीला सकाळ-संध्याकाळ असे, नंतर फक्त संध्याकाळी साडेसात ते साडेआठ ठेवलं. पकडले जाण्याची भीती होतीच, पण ती वेळ या पट्ट्यासाठी फार चांगली.

आणि धोका किती होता ते समजून घ्या. युद्ध सुरू झाल्यावर हौशी प्रक्षेपणाचे परवाने सरकारने रद्द केले होते. यंत्र सापडणं हाच गुन्हा. शिवाय तुम्ही बोलत आहात तोवर दिशाशोधक यंत्राने तुमची जागा शोधता येते. दोन ठिकाणांहून दिशा घेतली की नकाशावर जिथे रेषा छेदतात तिथे तुम्ही. म्हणजे रोजचा तो एक तास त्या स्वतःचा पत्ता पोलिसांना थोडा थोडा सांगतच होत्या. तरी शेवटी घात झाला तो माणसामुळे. एका तंत्रज्ञाने फितुरी केली.

माझ्या वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ अजून घरी आहे. सुरू केला की आधी व्हॉल्व्ह तांबूस होतात, मग घरघर, आणि काटा केसाएवढा सरकवला तरी स्टेशन निसटतं. १९४२ मध्ये लोक अशाच संचावर, दार लावून, आवाज अगदी बारीक ठेवून ऐकत असतील.

---

वर्धेचा_पाहुणा

मी मूळचा विदर्भातला, आता डोंबिवलीत असतो. या रेडिओचं आमच्यावर ऋण आहे ते सांगतो.

१६ ऑगस्ट १९४२ ला नागपंचमीच्या दिवशी चिमूरला आणि त्याच दिवशी आष्टीला उठाव झाला. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी तो सगळा मुलूख पेटलेला होता. त्यानंतर चिमुरात लष्कर घुसलं आणि बायाबापड्यांवर जे अत्याचार झाले ते आमच्या आजीच्या पिढीने दबक्या आवाजातच सांगितले. आजी सांगायला लागली की आधी उठून खिडकी लावून यायची. स्वातंत्र्य मिळून तीस वर्षं झाली तरी लावायची.

वर्तमानपत्रांचं तोंड बांधलेलं होतं. अशा वेळी आष्टी-चिमूरची हकीकत मुंबईतून कुणीतरी हवेत बोललं, ते काँग्रेस रेडिओने. गांधीजींचे सहकारी प्रा. भन्साळींनी चौकशीसाठी ६३ दिवसांचं उपोषण केलं, तेही याच प्रकरणी. चितगावचा बाँबहल्ला, जमशेदपूरचा संप, बलियाचं समांतर सरकार, या बातम्याही याच रेडिओने आधी दिल्या. लोकांना खरं काय चाललंय ते सांगणं हेच राज्यशास्त्राच्या शिक्षकाचं काम असेल, तर फळाताई, तुमच्या बाई १९४२ मध्येच शिकवायला लागल्या होत्या.

---

फळा_खडू

पाहुणे, आजींची खिडकी वाचून हात थांबला. परवानगी द्याल तर वर्गात सांगेन. नाव न घेता.

---

वर्धेचा_पाहुणा

जरूर सांगा. आजीला आवडलं असतं.

---

ग्रंथालयातला_कोपरा

पुस्तकांबद्दल विचारलंत म्हणून. मी निवृत्त ग्रंथपाल. जे माझ्या हाताखालून गेलं तेवढंच लिहिते.

एक, आलू दस्तूर यांच्यासोबत लिहिलेलं, १९५२ ते १९५६ मधल्या मुंबई राज्यातल्या काँग्रेस राजवटीवरचं पुस्तक, १९५८ चं. दोघी मुंबई विद्यापीठाच्या याच विभागातल्या. आता हे लक्षात घ्या. त्या चार वर्षांत मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई. आणि १९४६ मध्ये उषाबेनची सुटका ज्यांच्या आदेशाने झाली ते गृहमंत्रीही मोरारजी देसाईच. ज्या पक्षासाठी तुरुंग भोगला, ज्या माणसाच्या सहीने बाहेर आल्या, त्याच पक्षाचं आणि त्याच माणसाचं राज्य त्या दहा-बारा वर्षांनी अभ्यासाचा विषय म्हणून समोर घेतात. मला हे फार मोठं वाटतं. माजी सत्याग्रहींनी आठवणी पुष्कळ लिहिल्या. आपल्याच सरकारचा कारभार संशोधकाच्या शिस्तीने तपासायला बसलेले किती?

दोन, उषा ठक्कर यांच्यासोबत कौटिल्याच्या अर्थशास्त्रावरचं. गांधीविचारांची अभ्यासक कौटिल्याकडे वळते, म्हणजे सत्ता कशी चालते हे त्यांना नीट बघायचं होतं.

तीन, पुन्हा दस्तूरबाईंसोबत, स्त्रियांच्या मुक्तीतल्या गांधीजींच्या वाट्याबद्दलचं. तेव्हा उषाबेन सत्तरी ओलांडलेल्या होत्या.

आणि एक जोड. उषा ठक्कर यांचं काँग्रेस रेडिओवरचं पुस्तक २०२१ मध्ये आलं. त्यात प्रक्षेपणांचे मजकूर आहेत. ते टिकले कसे? सरकारची माणसं पकडण्यासाठी म्हणून ऐकून ऐकून उतरवून घेत होती, त्या कागदांमुळे. ज्यांना तो आवाज बंद करायचा होता, त्यांनीच तो आपल्यासाठी लिहून ठेवला.

---

गडकरी_चौक

धाग्याच्या मूळ मुद्द्याशी थोडा असहमत आहे, राग नसावा. प्राध्यापक हजारो झाले. बावीसाव्या वर्षी फाशी होईल की जन्मठेप याची पर्वा न करता रेडिओ चालवणारी मुलगी एकच. लोकांनी ती लक्षात ठेवली यात चूक काय? माझी मुलगी नववीत आहे, तिला उषाबेनची गोष्ट सांगितली तेव्हा तिचे डोळे चमकले ते रेडिओमुळे. विभागप्रमुखपदामुळे चमकले नसते.

---

फळा_खडू

गडकरी_चौक, राग कसला. तुमच्या मुलीचे डोळे चमकले हे वाचून बरंच वाटलं.

पण माझी काळजी सांगते. माझ्यासमोरच्या मुलांना धाड, फितुरी, तुरुंग हे सगळं आवडतं, आणि मग ती म्हणतात, "आता तसं काही करण्यासारखं उरलंच नाही." नागरिकशास्त्र शाळेत असल्यापासून इतिहासाच्या शेपटीला बांधलेलं, चार गुणांसाठी परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचं. मतदार यादीत नाव घालायला सांगितलं तर मागच्या वर्षी पन्नासातले सात जण फॉर्म भरून आले. त्यांना मला दाखवायचं आहे की ज्या बाईने सगळ्यात धाडसाचं काम केलं, तिला स्वातंत्र्यानंतर करावंसं वाटलेलं काम म्हणजे रोज सकाळी वर्गात जाऊन राज्य म्हणजे काय, हक्क म्हणजे काय, हे वीस वर्षांच्या पोरांना समजावणं. तिला ते कमी दर्जाचं वाटलं नाही.

विभागाचं नावही बघा. बहुतेक विद्यापीठांत 'राज्यशास्त्र विभाग' असतो. मुंबईत 'नागरिकशास्त्र आणि राजकारण'. नागरिक आधी. मला ते नाव फार आवडतं.

---

गडकरी_चौक

पन्नासात सात वाचून गप्प झालो. मुलीला पुढची गोष्टही सांगतो.

---

चर्नीरोड_लोकल

मी त्यांची विद्यार्थिनी नाही, पण नव्वदच्या दशकात ९ ऑगस्टला वडिलांचा हात धरून गवालिया टँकला, म्हणजे ऑगस्ट क्रांती मैदानाला जायचे. चौपाटीवरच्या टिळकांच्या पुतळ्यापासून म्हातारे स्वातंत्र्यसैनिक चालत निघत. पाऊस ठरलेला. पांढऱ्या टोप्या भिजून कपाळाला चिकटलेल्या, कुणाच्या हातात काठी, कुणाला नातवाचा आधार. वडील एकेकाकडे नजरेनेच दाखवायचे, बोट दाखवलं तर उद्धट वाटेल म्हणून. खादीच्या साडीतल्या एका बारीकशा बाईंकडे बघून म्हणाले होते, "त्या रेडिओवाल्या." मी शाळकरी पोर, मला वाटलं आकाशवाणीवर बातम्या देतात.

२००० मध्ये त्या तापात असतानाही ९ ऑगस्टच्या कार्यक्रमाला गेल्या. दोन दिवसांनी, ११ ऑगस्टला गेल्या. वय ८०. वडिलांनी पेपर घडी करून मला दिला आणि म्हणाले, "वाच, त्या शिक्षिका होत्या." माझ्या लक्षात वडिलांचं तेच वाक्य राहिलं. पुढे मीही बी. एड. केलं.

---

वाडीतला_वाचक

फळाताई, एक सुचवू का? मुलांना नुसती फाईल करायला न सांगता चालवा. विल्सनच्या दारातून निघायचं, चौपाटी, मग ऑपेरा हाऊसकडे न वळता गामदेवीत शिरायचं, लॅबर्नम रस्ता, मणिभवन, तिथून ऑगस्ट क्रांती मैदान. रमतगमत गेलं तरी अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. शिकल्या ते कॉलेज, जिथून बोलल्या तो रस्ता, पुढे जिथे काम केलं ती वास्तू आणि शेवटचं मैदान, सगळं एका फेरीत येतं. मणिभवनात तळमजल्यावर ग्रंथालय आहे, वर गांधीजींची खोली, चरखा. मुलांना तिथे थोडा वेळ बसू द्या.

---

चाळीस_मीटर

मी वडिलांचा रेडिओ घेऊन येतो. जड आहे, पण टॅक्सीने आणेन. कॉलेजात वीज मिळाली तर व्हॉल्व्ह पेटताना मुलांना दाखवू. मात्र फक्त ऐकायचं. बोलायचं असेल तर परवाना लागतो, तोही त्यांना सांगतो.

---

फळा_खडू

मंडळी, तुम्ही तर माझा सत्राचा आराखडाच बदललात.

प्राचार्यांशी बोलले. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी निघतो. सकाळी आठ वाजता विल्सनच्या मुख्य दाराशी, समुद्राच्या बाजूला. पाण्याची बाटली, छत्री नको, चपला चालायच्या. मैदानात पोचल्यावर मतदार नोंदणीचे फॉर्म माझ्या पिशवीत असतील, ज्यांची अठरा वर्षं पूर्ण झाली आहेत त्यांनी तिथेच बसून भरायचे. चाळीस_मीटर, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्लगची सोय केली आहे, फेरी झाल्यावर सगळे तिकडेच येऊ. चर्नीरोड_लोकल, तुम्ही मैदानात मुलांना वडिलांबद्दल दोन शब्द सांगाल का?

आणि ती दोन पानं भरली. मुलीने वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलंय, "आणखी एक पान लागेल." दिलं.

---

चर्नीरोड_लोकल

येते. आठला दाराशी.